जुन्या शववाहिकेचे सुटे भाग भंगारात कुठे शोधायचे? (गोवा आणि आसपास)

फोंड्याचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी,

सासष्टीत शवपेट्या करणाऱ्या एका कुटुंबाने धंदा बंद केला. त्यांच्या परसात झावळ्यांखाली उभी असलेली अ‍ॅम्बॅसडर मार्क टू आता माझ्याकडे आली आहे. साधी अ‍ॅम्बॅसडर नव्हे, शववाहिका. आरसी १९६९ची, नंबर जीडी-वाला, म्हणजे गोवा, दमण, दीव एकत्र होते तेव्हाचा. पुढच्या दारापर्यंत सगळं उत्तरपाड्याच्या कारखान्याचं. तिथून मागे छत उचललेलं, सागवानी सांगाडा, त्यावर पत्रा, दोन्ही अंगांना लांबच लांब काचा. हे काम मडगावातल्या एका गॅरेजात झालं असं घरचे सांगतात. कागद काही नाही.

इंजिनची चिंता नाही. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे, ते मी झोपेतही खोलून बसवीन. पुढचे टॉर्शन बार, मागचे कमान पाटे, ब्रेक, सगळ्याचे पार्ट मिळतात. घोडं अडलंय ते मागच्या अर्ध्या भागात. उजवी काच फुटलीय, तिला कडेने वेलबुट्टीची नक्षी होती. पेटी सरकवायचे रोलर थोडेच उरलेत. छपरावरच्या पितळी कठड्याचा एक तुकडा गायब, मागच्या दाराची एक बिजागरी तुटलेली. मागचे दिवे कुठल्या गाडीचे लावलेत तेही समजत नाही.

गोवा, बेळगाव, कोल्हापूर, कुठेही चालेल. शववाहिका भंगारात आलेली कुणी पाहिलीय का? आणि असे भाग लावून आरटीओत नंतर भानगड होते का?

शांत_म्हापसा

भर दुपारी जेवून धागा उघडला. आता झोप कसली येतेय :-)

खाणवाला_सावर्डे

मिस्त्रीबाब, आमच्या भागातल्या भंगाराच्या अड्ड्यांवर पेट्रोल जाळू नका. २०१२ला खाणी बंद पडल्या आणि टिप्परांच्या रांगा जागच्या जागी गंजायला लागल्या. २०१८ला पुन्हा बंद, म्हणजे उरलेसुरलेही भंगारात. अड्डेवाल्यांना टिप्पर ठेवायला जागा हवी होती, मग कोपऱ्यातल्या जुन्या गाड्या आधी गॅस कटरखाली गेल्या. अ‍ॅम्बॅसडरचा पत्रा जाड, वजन चांगलं भरतं, तिचा नंबर पहिला लागला. मी स्वतः एका अड्ड्यावर जुन्या कारेराचा, म्हणजे प्रवासी बसचा, लाकडी सांगाडा सरपणात जाताना पाहिलाय.

रोलरचं मात्र बघता येईल. खनिज चढवायच्या कन्व्हेयर बेल्टखाली जे रोलर असतात, ते भंगारात ढिगाने पडलेत. आत बेअरिंग आहेच. लेथवर व्यास उतरवून घ्यायचा.

तांबेपितळ

खाणवालेबाब, तो रोलर एकटा उचलून बघितलाय का? चार-सहा बसवले तर मागचे पाटे रिकाम्या गाडीतच बसतील. शिवाय शवपेटीला खालून पॉलिश असतं, लोखंडावर ते खरवडलं जाणार. जुन्या गाड्यांत लाकडी रोलर असायचे, टोकांना पितळी बुश आणि वर रबर. मिस्त्री, उरलेल्यांतला एक खोलून फोटो टाका, मग बोलू.

निळी_छत्री

माझा प्रश्न वेगळा आहे. हे भाग तुम्ही घरी आणून कुठे ठेवता? माझ्या सासूबाईंना कळलं तर मला पार्टसकट बाहेर काढतील.

काणकोणची_कुसुम

निळीताई, आपण ज्या पलंगावर झोपतो तो कुणाकुणाचा आजोबा-पणजोबांपासूनचा असतो, त्याचं काय :-) गाडी बिचारी फक्त सोडायला गेली.

पाटो_पूल

एक शंका. ही गाडी चालू झाल्यावर पत्रादेवीच्या नाक्यावरून सिंधुदुर्गात न्यायची झाली तर पोलीस मागचं दार उघडायला लावतील का? मित्रासाठी विचारतोय. मित्राला काजूची फेणी आवडते.

फोंड्याचा_मिस्त्री

पाटो, तुमच्या मित्राला सांगा, मागच्या दाराची बिजागरी तुटलीय. नाक्यावर थांबायच्या आधीच बाटल्या रस्त्यावर येतील.

तांबेपितळ, रोलर खोलला. लाकूडच आहे, बहुतेक फणसाचं. टोकांना पितळी टोप्या, वर रबराचा फक्त चिकट काळा थर उरलाय. तुमचं बरोबर होतं.

तांबेपितळ

मग काम सोपं. सुताराकडून खराद मारून घ्या, टोप्या जुन्याच वापरा.

पितळी कठड्याबद्दल मात्र सावध. भंगारात चमकदार दिसेल ते पितळ नव्हे. क्रोमखाली दोन गोष्टी असतात, पितळ किंवा मझाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. मागच्या न दिसणाऱ्या बाजूला कानस एकदा हलकेच फिरवा. पिवळं निघालं तर घ्या, राखाडी निघालं तर ठेवून द्या. चुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्याच्यावर विसंबू नका. आपल्या खाऱ्या हवेत मझाकवर बारीक फोड येतात, आणि पुन्हा क्रोम करायला आम्लात बुडवलं की ते फोड खड्डे होऊन बसतात. मग कितीही पैसे मोजा, तोंडावर देवीचे व्रण राहतात. पितळ कितीही काळवंडलेलं असू दे, घासलं की परत उभं राहतं.

पितळी नळी आणि गोंडे हवे असतील तर गाड्यांच्या भंगारात जाऊच नका. वास्कोत जहाजांचं जुनं सामान विकणारे आहेत, त्यांच्याकडे रेलिंगचे तुकडे असतात. अलंगला जहाजं फोडतात तिथलं सामानही फिरत फिरत आपल्याकडे येतं.

क्लीव्हलँडची_सुमेधा

मूळची डिचोलीची, आता ओहायोत. धागा वाचून राहवलं नाही, कारण जुन्या अमेरिकन शववाहिकांचं हे माहेरच आहे. सुपीरियर कंपनी लायमाची, मिलर-मिटिऑर पिक्वाची, हेस अँड आयझेनहार्ट सिनसिनाटीची, तिन्ही ओहायोतल्या. कॅडिलॅक त्यांना लांब, दणकट चासी पुरवायची, मागची बॉडी हे लोक बांधायचे. म्हणजे मडगावच्या त्या गॅरेजने केलं तेच, फक्त कारखान्याच्या पातळीवर.

इथे भंगार यार्डात अशा गाड्या अजून मिळतात. एक मजेदार गोष्ट म्हणजे बऱ्याच गाड्या दुहेरी होत्या, सकाळी रुग्णवाहिका आणि दुपारी शववाहिका. फरशीतले रोलर उलटे करून झाकता यायचे, मग वर स्ट्रेचर. छोट्या गावांत अंत्यसंस्कार करणारेच रुग्णवाहिका चालवायचे. १९७०च्या दशकात रुग्णवाहिकांचे नियम कडक झाले तशा या गाड्या मागे पडल्या.

लोक यार्डात जातात ते रोलर, पेटी घट्ट धरून ठेवणाऱ्या खुंट्या आणि मागच्या खांबावरची एस आकाराची पट्टी शोधायला. त्या पट्टीला लँडाऊ बार म्हणतात. घोडागाडीचं छप्पर दुमडायच्या बिजागरीची ती नक्कल, काम काही करत नाही. हवी तर एक जोडी पाठवू?

तांबेपितळ

सुमेधाताई, मनापासून आभार, पण मिस्त्री, घेऊ नका. एक तर त्या पट्ट्या बऱ्याचदा मझाकच्या असतात. दुसरं, अ‍ॅम्बॅसडरवर कॅडिलॅकचा दागिना म्हणजे नऊवारीवर हॅट.

फोर्ट_कोची_ते_फोंडा

असं का? गॅरेजवाल्याने १९६९ला मिळेल ते लावलंच होतं ना? तेव्हा गोव्यात मर्सिडीज, ओपल, शेवरोलेसुद्धा फिरत होत्या. १९६१पर्यंत पोर्तुगीज अमलात बाहेरच्या गाड्या सर्रास उतरायच्या. त्याच्या हाती लँडाऊ बार पडला असता तर त्याने लावला नसता कशावरून? शुद्ध मूळ असं या गाडीत काय आहे?

तांबेपितळ

लावला असता हे खरं. पण लावला नाही हेही खरं. आपण त्याच्या गाडीची डागडुजी करतोय की आपल्या मनातली गाडी बांधतोय?

फोर्ट_कोची_ते_फोंडा

डागडुजीत फुटलेली काच नवीच बसणार आहे. तिथे काय करणार?

काचवाला_पर्वरी

काचेचं मी सांगतो, नाहीतर हे दोघे रात्रभर चालतील.

भंगारात लांब काच दिसली की लोक म्हणतात, कापून घेऊ. टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, काच कापता येत नाही. आतला ताण मोकळा होतो आणि अख्खी काच साखरेसारखी खाली येते. कापणं, भोक पाडणं, कड घासणं, सगळं टफन करायच्या आधी. टफन आहे की नाही हे कोपऱ्यातल्या छापावरून कळतं. छाप नसेल तर पोलराइज्ड चष्मा लावून तिरकं बघा, टफन काचेत डाग-पट्टे दिसतात.

मिस्त्री, तुमची डावी काच शाबूत आहे ना? तिच्यावर ट्रेसिंग पेपर टाकून नक्षी उतरवून घ्या आणि आरशात उलटी करा. साचा म्हणून व्हिनाइल कापून वाळूचा झोत मारला की झालं. जुनी नक्षी आम्लाने खोदलेली असण्याची शक्यता आहे. बोट फिरवून बघा, आम्लाची गुळगुळीत लागते, वाळूची खरखरीत. फरक दिसतो, पण आम्लाच्या वाटेला जाऊ नका. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं, सुरुवातीला बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही.

मागच्या भागातल्या या काचेला लॅमिनेटेड घ्या. फुटली तरी जागेवर राहते. मिरवणुकीत दगड उडाला तर पेटीवर चुरा नको.

चोरबाजारी

सुट्या भागांसाठी माझा क्रम असा. अ‍ॅम्बॅसडरचं काहीही हवं तर कोलकात्याचं मल्लिक बाजार. बीडिंग, हँडल, काच वर-खाली करायची यंत्रणा, सगळं तिथे. दक्षिणेत चेन्नईचं पुदुपेट, गाडी सकाळी आत जाते आणि संध्याकाळी तिचे नट वेगवेगळ्या दुकानांत असतात. मुंबईत कुर्ला. पुण्याला मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे गाडीचे मोठे भाग कमी, पण बिजागऱ्या, कड्या, पितळी मुठी यासाठी मी तिथेच जातो.

अड्ड्यावर जाताना जाड तळव्याचे बूट घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या आणि काय हवंय ते आधी सांगू नका. ‘शववाहिकेचा भाग’ म्हटलं की एक तर भाव तिप्पट, नाहीतर मालक हात जोडून वाट दाखवतो.

शांत_म्हापसा

आणि एक ते चार जाऊ नका. गोव्यातला अड्डेवाला त्या वेळात स्वतःच शववाहिकेतल्यासारखा पडलेला असतो.

कलम_वाचणारा

आरटीओच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही.

२०२१च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार नसलेली. नवी नोंदणी २०,००० रुपये, फेरनोंदणी ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात ‘व्हीए’ येतं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला काढता येते, रोजच्या वापराला नाही, आणि व्यवसायाला तर नाहीच.

तुमची मेख इथे आहे. गाडी १९६९ची, वयात बसते. पण हे नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहेत, आणि शववाहिका भाड्याने फिरत होती. आरसीवर वर्ग काय लिहिलाय ते बघा. भाड्याचा असेल तर आधी तो बदलावा लागेल. ‘मोठे फेरफार’ म्हणजे काय यावर अधिकारी अडून बसू शकतो, म्हणून बॉडीचा प्रकार आरसीवर पहिल्यापासूनच शववाहिका आहे हे दाखवणारी मूळ प्रत जिवापाड जपा.

भंगारातल्या बिजागऱ्या, दिवे, पितळ याला कुणी विचारत नाही. चासी नंबर असलेला तुकडा आणि इंजिन ब्लॉक मात्र कागदाशिवाय अजिबात आणू नका, स्वस्त मिळाला तरी.

फोंड्याचा_मिस्त्री

कलमबाब, देव बरें करूं. आरसीवर बॉडीच्या रकान्यात शववाहिकाच आहे, वर्गाचा रकाना पुसट झालाय. आरटीओत जुनं रजिस्टर काढायला सांगतो.

काचवाले, बोट फिरवलं. गुळगुळीत.

वास्कोची_नात

माझे आजोबा अशी गाडी चालवायचे, म्हणून दोन शब्द.

पत्र्यावर पॉलिश मारण्याआधी मागची फरशी उचलून बघा. शीतपेट्या नव्हत्या तेव्हा मुलगा आफ्रिकेतून किंवा आखातातून येईपर्यंत पेटी बर्फात ठेवायचे. गाडीत चढवली तरी पाणी ठिबकतच असायचं. वरून सगळं ठीक दिसतं, कारण फळ्यांवर जस्ताचा पत्रा ठोकलेला असतो. त्याच्या सांध्यातून पाणी खाली जातं आणि मागच्या पाट्यांची बैठक आतून खातं. आजोबा दर पावसाळ्याआधी तिथे जळकं ऑइल लावायचे, त्यांच्या सगळ्या पँटींच्या गुडघ्यांवर त्याचे डाग होते.

आणि अड्ड्यावर कशाला जाता? त्या गाड्यांचे भाग अड्ड्यावर कधी गेलेच नाहीत. गाडी मोडली की लोखंड भंगारवाल्याला आणि बाकीचं घरी. छपरावरचा क्रूस इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, देऊन टाकायचे. पडद्यांच्या पितळी दांड्या आमच्या घरात अजून पडद्यांनाच आहेत. रोलर मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, शेडमध्ये जायचे, जड फळ्या सरकवायला. शवपेट्या करणाऱ्या जुन्या मेस्तांना भेटा, कोंफ्रारीच्या, म्हणजे इगर्जेच्या बंधुमंडळाच्या, वयस्कर माणसांना विचारा. इगर्जेच्या अडगळीच्या खोलीत काय काय असतं ते पाद्रीलाही माहीत नसतं, तिथली देखभाल करणाऱ्या सांक्रिस्तांवला माहीत असतं.

खाणवाला_सावर्डे

हे पटलं. यात भर म्हणून नगरपालिका. त्यांच्या जुन्या शववाहिका, बहुतेक मॅटाडोर, निर्लेखनानंतर यार्डात वर्षानुवर्षं उभ्या असतात आणि मग लिलावाची जाहिरात पेपरात येते. मॅटाडोरला पुढच्या चाकांची ओढ होती, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, म्हणून फरशी खाली. पेटी चढवायला चार माणसांना वाकावं लागत नसे. लिलावात अख्खी गाडी घ्यावी लागते, पण लिलाव घेणारा भंगारवालाच असतो. त्याच्याशी आधी बोलून ठेवा, रोलर आणि बिजागऱ्या तो किलोच्या भावात सोडतो.

फोर्ट_कोची_ते_फोंडा

मॅटाडोरचे रोलर चालणार, आणि माझा लँडाऊ बार नाही?

तांबेपितळ

रोलर पेटीखाली असतो, दिसत नाही. भांडायचंच असेल तर बाणावलीला ‘गोवा चक्र’ या जुन्या बैलगाड्या-घोडागाड्यांच्या संग्रहालयात या, त्यांचं लाकूडकाम समोर ठेवून भांडू. मिस्त्री, तुम्हीही या. सांगाड्याचे सांधे कसे घेतलेत ते तिथे बघून ठेवलंत तर तुमचा सुतार चुकणार नाही.

निळी_छत्री

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, पडदे जांभळे हवेत, काळे नकोत. आणि त्यांच्या माहेरी, केप्याला, एका मेस्ताच्या शेडमध्ये तसला पितळी कठडा त्यांनी लहानपणी पाहिलाय. त्यावर आता मिरच्या वाळत घालतात.

फोंड्याचा_मिस्त्री

निळीताई, शेडचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, रविवारीच निघतो. सासूबाईंना नमस्कार सांगा.

फरशी उचलली. डाव्या पाट्याची बैठक पोखरलीय, वास्कोच्या ताईंनी सांगितलं तिथेच. उजवी ठीक. तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करतोय.

मागचे दिवे उतरवून लेन्सच्या आतली बाजू धुतली, लुकास-टीव्हीएसचा शिक्का निघाला. चोरबाजारी, याची जोडी मल्लिक बाजारात मिळेल का? एकाच बाजूची लेन्स तडकलीय.

चोरबाजारी

फोटो टाका, लेन्समागचा आकडाही दिसू द्या. ट्रकची असेल तर कोल्हापुरातच मिळेल. बिजागरीसाठी माझ्याकडे तुमच्यासारखीच एक आहे, पण मागचं दार तुमचं उजवीकडे उघडतं की डावीकडे?

फोंड्याचा_मिस्त्री

दोन पाखं आहेत, मधोमध उघडतात. तुटलीय ती उजव्या पाखाची, वरची. पिनचा व्यास मोजून रात्री टाकतो.